एकवीस नंबरची वासरं

माझ्या मामाला लिलावाच्या आवारात सगळे 'साडेनऊ' म्हणायचे. "साडेनऊ आला का?" "थांबा, साडेनऊला विचारून सांगतो." फाटकावर एखादा नवा माणूस लागला की त्याला आठवडाभर वाटायचं, हे लोक वेळच विचारतायत. मामाला ते टोपणनाव इतकं आवडायचं की मामीने भांडताना त्याला खऱ्या नावाने हाक मारली, तर तो दुपारपर्यंत रुसून बसायचा.

मी त्याच आवारात वजनकाट्यावर आहे. जनावर काट्यावर चढतं, आकडा येतो, मी पावती फाडते. अठरा वर्षं हेच काम. माझ्या खिडकीतून जनावरांचे पाय दिसतात आणि माणसांची तोंडं दिसतात. यातल्या पायांवर मी जास्त विश्वास ठेवते.

टोपणनाव कसं पडलं ते आधी सांगते. वासरं किलोवर विकली जातात. घरून निघालेलं वासरू ट्रकमध्ये बिचकतं, शेण टाकतं, मुततं, आणि आवारात उभं राहून राहून आणखी उतरत जातं. तासाला किलो-दोन किलो कुठे गेले कळत नाहीत. म्हणून लवकर येणारा मरतो. पण ट्रक ज्या क्रमाने फाटकातून आत येतात त्याच क्रमाने वासरं रिंगणात जातात, म्हणून उशिरा येणारा त्याहून वाईट मरतो. त्याची पाळी येईपर्यंत व्यापाऱ्यांचे ट्रक भरलेले असतात आणि ते जांभया देत बोली लावतात. अगदी पहिला येणारा तर शुद्ध वेडा, कारण पहिले वीस-पंचवीस ट्रक होईपर्यंत व्यापारी एकमेकांची तोंडं बघत खिशात हात घालून उभे असतात. खरा भाव निघतो तो तिसाव्या आणि चाळिसाव्या ट्रकच्या मधे. तिथे बरोबर घुसायचं, आणि तेही वासरं ताजी असताना, ही मामाची कला.

आवाराच्या अलीकडे अर्ध्या किलोमीटरवर फाटा आहे. तिथल्या पंक्चरच्या दुकानासमोर तो ट्रक सावलीला लावायचा, दुकानदाराच्या स्टुलावर बसायचा आणि पुढे जाणारे ट्रक मोजायचा. कुणी गप्पा मारायला आलं तर हाताने गप्प करायचा. तिशी भरत आली की उठायचा. बहुतेक वेळा घड्याळात तेव्हा साडेनऊ झालेले असायचे. डोंगरापलीकडचे वीस-बावीस मालक केवळ त्याच्या भरवशावर वासरं आमच्या आवारात पाठवायचे, नाहीतर त्यांना दुसरा बाजार जवळचा होता.

इथपर्यंत सगळं कौतुकाचं आहे. आता बाकीचं सांगते, जे मला ठाऊक होतं, मालकांना ठाऊक होतं, आणि ज्याबद्दल सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी होती.

वासरं आदल्या संध्याकाळी मामाच्या पत्र्याच्या शेडमध्ये जमा व्हायची, पहाटे ट्रकमध्ये चढायची. काही मालक वासरं सोडताना म्हणायचे, "जरा चव लावून आणा." म्हणजे रात्रीच्या कोंड्यात मूठ-दोन मुठी मीठ घालायचं आणि पाणी दाखवायचं नाही. आमच्या आवाराचा एक नियम आहे, कुणातरी दयाळू माणसाने केलेला: प्रवासातून आलेल्या जनावराला पाणी पाजल्याशिवाय काट्यावर घ्यायचं नाही. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला सिमेंटचा हौद आहे. मीठ खाल्लेलं वासरू त्या हौदात तोंड घालतं ते कान बुडेपर्यंत. मग दहा मिनिटांत माझ्या काट्यावर येतं आणि पंधरा लिटर पाणी मांसाच्या भावाने विकलं जातं. दयेचं असं होतं आमच्याकडे.

मी पावत्या फाडत राहिले. तो माझा मामा होता, आणि कुणाच्या अध्यात-मध्यात न जाणं हीच माझी लायकी समजून मी त्या खिडकीत बसले होते.

माझ्या आईला मात्र असली चव कधी लागली नाही. आई मामाची थोरली बहीण. आजोबांनी जाताना तिला गाई दिल्या आणि त्याला ट्रक घेऊन दिला. बाबा गेल्यावर आईने अकरा गाईंचा गोठा एकटीने चालवला. वासरं गाईपासून तोडायची तिची रीत वेगळी होती. बाकीचे एका दिवसात तोडतात, मग वासरू तीन दिवस हंबरून घसा बसवतं आणि बाजारात तसंच उभं राहतं, लाल डोळ्यांनी. आई महिनाभर आधीपासून एकेक वेळचं दूध तोडत जायची. मधे नुसतं जाळीचं कुंपण ठेवायची, गाय दिसेल पण आचळ मिळणार नाही असं. तिची वासरं रिंगणात हंबरत नसत. आजूबाजूला निरखत उभी राहायची, लग्नघरात लवकर आलेल्या पाहुण्यांसारखी. असलं वासरू पुढे आजारी पडत नाही हे व्यापाऱ्यांना माहीत होतं. आवारात प्रत्येक मालकाला नंबर असतो. आईचा एकवीस. "एकवीसची आली का?" एवढंच विचारून एक म्हातारा व्यापारी दरवर्षी अकराच्या अकरा घेऊन जायचा, दात न बघता. तो एकवीस नंबर म्हणजे आईची सगळी कमाई. शेती नाही, दुसरा धंदा नाही. नंबर आहे तोवर गोठा आहे, असं ती म्हणायची.

आणि हेच मामाला बोचायचं. मी त्याच्यावर प्रेम केलंय, म्हणून मला हे बोलायचा हक्क आहे. एकदा आमच्या सचिवांनी सगळ्यांसमोर थट्टा केली की एकवीसची वासरं दुपारी चार वाजता चालत आणली तरी विकली जातील, तिथे साडेनऊचं काय काम? सगळे हसले. मामाही हसला, पण त्या दिवशी त्याने चहा अर्धा टाकून दिला.

त्या वर्षी भाव जरा पडलेले होते. आई मामाला सहज म्हणाली, या वेळी बरं जमलं तर गोठ्यावर नवे पत्रे घालीन. तिने मागितलं काहीच नव्हतं. संध्याकाळी अकरा वासरं त्याच्या शेडमध्ये सोडली, एकेकाच्या पाठीवर हात फिरवला आणि घरी आली. ती दरवर्षी पूर्ण ट्रकचं भाडं द्यायची, तिला दुसऱ्यांची हंबरणारी वासरं सोबत नको असत. त्यामुळे ट्रकमध्ये फक्त आमचीच होती.

मामाने त्यांना चव लावली. पुढे मला म्हणाला, ताईला पत्र्यांसाठी म्हणून. मी मान हलवली. पण अर्धं ताईसाठी होतं आणि अर्धं त्या हशाचं उत्तर होतं, हे त्यालाही कळत होतं.

सकाळी नऊ वाजता माझा काटा बिघडला. नवाच बसवलेला होता, आकड्यांचा. रिकामा असताना चार किलो दाखवायला लागला. काट्याला सील लागल्याशिवाय लिलाव नाही, आणि सील लावणारा माणूस शहरातून यायचा होता. सचिव म्हणाले, अर्ध्या तासात येतोय. फाटक बंद केलं. बाहेर ट्रकची रांग लागली. मामा नेहमीप्रमाणे आपल्या जागी येऊन घुसला, तेहतिसावा. पण आत यायला फाटकच उघडं नव्हतं.

दहाच्या सुमाराला तो माझ्या खिडकीशी आला आणि किती वेळ म्हणून विचारलं. मी अर्धा तास म्हणाले. साडेअकराला आला, मी अर्धा तास म्हणाले. एक वाजता आला. मला जे सांगितलं जात होतं तेच मी सांगत होते, पण उन्हात उभा असलेला माणूस मी बघत होते, आणि तो सारखा वळून ट्रककडे बघत होता. तो कधी घाबरलेला मी पाहिला नव्हता. मी जेवणाच्या सुट्टीत बाहेर गेले. ट्रकच्या फळ्यांमधून आमची वासरं दिसली. ती लोखंडी साखळी चाटत होती. अकराच्या अकरा.

मला तेव्हाच कळलं. मी त्याला विचारलं, "मामा, आईच्या वासरांना पण?"

"बादलीने थोडं थोडं पाजू का?" तो म्हणाला. "पण मग सगळं इथेच उतरून जाईल गं. आता उघडेलच की फाटक."

"आता उघडेल," मी म्हणाले.

तेव्हा मी दोन बादल्या भरून आणल्या असत्या तर वासरं वाचली असती. डॉक्टरांनी नंतर तेच सांगितलं. मीठ खाऊन तहानलेल्या जनावराला पाणी घोट घोट द्यायचं, एकदम हौदावर सोडायचं नाही. मामा तीस वर्षं मीठ घालत होता, पण त्याची वासरं नेहमी वेळेवर पाण्यावर जायची. उशीर झाला तर काय होतं हे त्याला शिकायची वेळच आली नव्हती.

अडीचला फाटक उघडलं. आमची वासरं हौदावर गेली आणि हटेनात. हौदावरचा माणूस हसत म्हणाला, एकवीसची आज वऱ्हाडात आल्यासारखी पितायत. मग ती काट्यावर आली. आई दरवर्षी छातीचा घेर टेपने मोजून घरीच वजन सांगायची आणि माझ्या काट्याशी तिचा दोन किलोंचा फरक पडला तर खूप. त्या दिवशी प्रत्येकात आठ-नऊ किलोंचा फरक होता. मी पावती फाडली. आई कठड्याला टेकून उभी होती, तिने पावती वाचली आणि माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. म्हाताऱ्या व्यापाऱ्याने दिवसातली सगळ्यात चढी बोली लावली. मामा रिंगणाजवळ दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होता, आणि इतका खूश होता की क्षणभर मलाही वाटलं, निभावलं.

पाच वाजता व्यापाऱ्याचा माणूस पळत आला. त्याच्या कोंडवाड्यात आमचं एक वासरू भिंतीला डोकं लावून ढकलत होतं. दुसरं गोल गोल फिरत होतं, डोळे उघडे पण दिसत काही नव्हतं. तिसरं पडून पाय झाडत होतं. आई कुंपणावरून आत उतरली आणि त्या पडलेल्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. ते जाईपर्यंत बसली. जनावरांचे डॉक्टर आले, पोट फाडून बघितलं आणि चार शब्दांत सांगितलं. संध्याकाळपर्यंत सात गेली.

सचिवांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो: सचिव, डॉक्टर, व्यापारी, आई, मामा. मी दारात, म्हणजे सहावी. पण मला कुणी मोजलं नाही. भिंतीवर नियमांची पाटी होती. मालकाने जनावराला काही खाऊ घालून वजन वाढवलं तर मालकाचा नंबर कायमचा रद्द. वाहतूकदाराने केलं तर त्याचा परवाना कायमचा रद्द. सचिवांनी विचारलं, रात्री यांना कोंडा कुणी घातला?

 आईने मामाकडे बघितलं. ती दाराजवळच, माझ्या पुढ्यात उभी होती म्हणून मला दिसलं, ती त्याला वेळ देत होती. चांगला भरपूर वेळ दिला. मामाच्या घरात पाच तोंडं होती आणि ट्रकशिवाय दुसरा घास नव्हता. तो टेबलावरच्या शाईच्या डागाकडे बघत मूग गिळून उभा राहिला.

"मी घातलं," आई म्हणाली. "शेडमध्ये सोडायच्या आधी. मीठ मी घातलं."

सचिवांनी विचारलं, "तुम्ही?"

"मी."

 व्यापाऱ्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि तो निघून गेला, आणि आईला त्याचंच सगळ्यात जास्त लागलं. मी बोलायला पुढे झाले तर आईने मागे न बघता माझा हात धरला आणि दाबला. मी गप्प बसले. मला गप्प बसायची सवय होतीच, तिने दाबला नसता तरी बसले असते बहुतेक. मामाने मान वर केली नाही. धाकटा भाऊ म्हणून सोडून द्यावं, तर तो तेव्हा बावन्न वर्षांचा होता.

एकवीस नंबर खोडला गेला. रजिस्टरमध्ये रेघ मीच मारली, ते माझं काम आहे.

पुढच्या वर्षापासून आईची वासरं घरी येऊन घेऊन जाणारे फिरते व्यापारी आले. दारात आलेला व्यापारी काय भाव देतो ते सांगायला नको. वासरं तशीच गुणी होती, पण मीठवाल्या बाईची म्हणून हिणवून घ्यायचे. अकराच्या सात गाई झाल्या, मग चार, मग गोठा रिकामा. मामा त्या वर्षांत आठवड्याला चाऱ्याच्या पेंढ्या आणून दारात टाकायचा आणि हॉर्न न वाजवता निघून जायचा. आई त्या जनावरांना घालायची. त्यांनी काय केलंय, म्हणायची. पण त्याला आत ये असं कधी म्हणाली नाही आणि येऊ नको असंही नाही.

मामाचा धंदा मात्र जोरात होता. त्याने मीठ बंद केलं, पण चव लावून घेणारे मालक त्याला सोडून गेले नाहीत. एकदा माझ्या खिडकीसमोर त्यातलेच दोघे पावती घेताना बोलत होते. एक म्हणाला, साडेनऊचं काम चोख, बहीणच तसली निघाली त्याला काय करणार. दुसरा हसला. दोघांच्याही वासरांना मी मीठ खाऊन हौदात कान बुडवताना पाहिलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोर फाशी बघायला उभे होते आणि वर संन्याशाला नावं ठेवत होते. मी सुट्टे परत दिले.

सहा वर्षांनी मामाच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. एक ऑपरेशन बिघडलं, परवान्याचं नूतनीकरण झालं नाही. त्याने ट्रक विकला. मग एक दिवस तो आमच्या घरी आला, या वेळी आत आला, आणि आईसमोर खाली बसून म्हणाला की मी उद्या जाऊन सचिवांना खरं सांगतो.

आई मटार सोलत होती. म्हणाली, "सांग. आता तुझं काय जाणार आहे?"

तो रडला. आई सोलत राहिली. मला त्याची दया आली आणि त्या दयेचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला हाताला धरून सचिवांच्या खोलीत नेलं, कारण पायऱ्या त्याला दिसत नव्हत्या. सचिव तेच होते, केस पिकलेले. मामाने सगळं सांगितलं. कोंडा किती, मीठ किती, शेड कुठलं. सचिवांनी मधे न बोलता ऐकलं, मग त्याच्यासाठी खुर्ची सरकवली.

"अहो, ते आम्हाला त्याच दिवशी माहीत होतं," ते म्हणाले. "मला, डॉक्टरांना, त्या व्यापाऱ्यालासुद्धा. तुमची बहीण मीठ घालेल यावर कोण विश्वास ठेवणार?"

 मामाने विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत?

"तुम्ही बोललात?" सचिव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुम्हाला बंद केलं असतं तर डोंगरापलीकडचे सगळे मालक दुसऱ्या बाजाराला गेले असते. आवार चालवायचं होतं आम्हाला. खरं सांगायचं तर मी लिहून ठेवणार होतो, वाटेतलं पाणी खराब होतं म्हणून. कुणाचंच नाव घेणार नव्हतो. तेवढ्यात त्या बोलल्या. डॉक्टरांसमोर, व्यापाऱ्यासमोर बोलल्या. मग मला नंबर खोडावाच लागला."

मी नंबर परत मिळेल का विचारलं. ते म्हणाले, गाई आहेत का? मी नाही म्हणाले. मग कशासाठी, ते म्हणाले, आणि ते वाईट मनाने नव्हतं.

मामाला मी त्याच्या दारात सोडलं. मामी वाट बघत होती. 

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. लपवायचं ठरवलं होतं, पण तिने माझं तोंड बघितलं आणि विचारलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, मागे रिकामा गोठा, त्यावर अजून ते जुनेच पत्रे. तिने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पदराला हात पुसले, कोरडेच होते.

"म्हणजे मी नुसती गप्प बसले असते," ती म्हणाली, "तरी तो वाचला असता. आणि माझा नंबरही."

मी हो म्हणाले.